पाऊस ओसरला, गोचीड आली

ताम्हिणीकडचा पाऊस ओसरला, भातखाचरांच्या बांधावर गवत माजलं, की पौड-पिरंगुट भागातल्या कुत्र्यांच्या कानामागं, बोटांच्या बेचक्यात गोचिड्या सापडू लागतात. नुसत्या खाजेवर भागत नाही. तपकिरी गोचीड चावताना एर्लिकिया नावाचा जिवाणू रक्तात सोडू शकते. मग ताप येतो, कुत्रं भाकरीला तोंड लावत नाही, हिरड्या पांढरट पडतात, कधी नाकातून रक्त येतं. वेळीच रक्त तपासलं, तर डॉक्सिसायक्लिन या जुन्या, स्वस्त औषधानं बरीच कुत्री सावरतात. गोळ्या मात्र साधारण ४ आठवडे चालतात. चार दिवसांत शेपूट हलायला लागली म्हणून आपल्या मनानं थांबवायच्या नाहीत.

गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको.

घरात मांजर असेल तर जास्तच सावध राहा. कुत्र्यांच्या काही गोचीडनाशकांत परमेथ्रिन असतं. मांजराला ते विष. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, आणि ती बहुतेक वेळा मायेपोटीच दिलेली असते!

राहिली रेबीजची लस. पिल्लू ३ महिन्यांचं झालं की पहिली टोचून घ्या, पुढची तारीख डॉक्टरांच्या कार्डावर लिहून आणा. कुत्रं किंवा मांजर माणसाला चावलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.