स्तनपानसखी : औद्योगिक पट्ट्यातील मातांसाठी एक योजना

(पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



१९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पिंपरीचे रूप पालटू लागले. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे कारखान्यांची रांग भोसरी ओलांडून खेड तालुक्यातील चाकण, महाळुंगे, कुरुळी, निघोजे या गावांपर्यंत पोहोचली. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेली कुटुंबे आज येथे भाड्याच्या एकेका खोलीत संसार थाटून आहेत. या खोल्यांतील बाळंतिणीविषयी मला आज बोलावयाचे आहे.

पती पाळीवर गेलेला, सासू गावी, शेजारीण परक्या मुलखातील. मूल रडले की आपले दूध पुरत नाही, ही शंका अशा मातेच्या मनात प्रथम येते आणि दुकानातील पावडरीचा डबा घरात येतो. बाटली सुरू झाली की मूल अंगावर कमी ओढते. मूल कमी ओढू लागले की दूधही कमी होते. शंका अशा रीतीने स्वतःच खरी ठरते. शिशुदुग्ध पर्यायांसंबंधीच्या १९९२ च्या कायद्याने डब्याच्या दुधाची जाहिरात थांबविली. परंतु मातेच्या मनातील शंका कोणताही कायदा थांबवू शकत नाही.

प्रसूती रुग्णालयात झाली म्हणजे सर्व काही साधले, असेही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या; तथापि जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान मिळालेली बालके अवघी ४१.८ टक्के होती. सहा महिन्यांखालील बालकांपैकी केवळ मातेच्या दुधावर असलेली बालके ६३.७ टक्के होती. पहिला चीक हे बाळाचे पहिले संरक्षण होय, आणि सहा महिने पाणी, मध वा गुटी यांपैकी काहीही लागत नाही, हे सांगणारे विश्वासाचे माणूस वेळेवर भेटले पाहिजे.

असे माणूस मातांमधूनच घडविता येते. ढाका शहरात याचा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. स्वतः स्तनपान केलेल्या, जुजबी शिक्षण झालेल्या स्थानिक मातांना दहा दिवसांचे प्रशिक्षण देण्यात आले. प्रसूतीपूर्वीपासून बाळ पाच महिन्यांचे होईपर्यंत पंधरा गृहभेटी ठरविण्यात आल्या. पाचव्या महिन्यात केवळ स्तनपान करणाऱ्या मातांचे प्रमाण या भागात ७० टक्के होते. जेथे अशा भेटी झाल्या नाहीत, तेथे ते ६ टक्के होते. आपल्याकडेही १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी, आणि पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी, गावातील सामान्य स्त्री आरोग्याचे काम किती समर्थपणे करू शकते, हे दाखवून दिले आहे.

आपल्या पट्ट्यात योजना आखताना चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, निवड. सखी त्याच चाळीत राहणारी, अलीकडेच आई झालेली असावी. जेथे हिंदी भाषक कुटुंबे अधिक, तेथे सखीही त्यांच्यातीलच असावी.

दुसरी, भेटींची वेळ. संस्थेत प्रसूती झाल्यावर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी असतात; त्यानंतरची नियोजित भेट तिसऱ्या महिन्यात येते. नेमक्या याच मधल्या काळात अनेक माता माहेरहून बाळ घेऊन परततात. माहेरच्या गावच्या नोंदवहीतून त्यांचे नाव सुटलेले आणि येथल्या वहीत चढलेले नसते. सखीचे पहिले काम या परतलेल्या मातेला शोधून अंगणवाडीत तिचे नाव नोंदविणे हे होय.

तिसरी, कामावर जाणारी माता. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही या तरतुदी आहेत. परंतु धुणीभांडी वा रोजंदारी करणारी स्त्री महिन्या-दीड महिन्यातच कामावर जाते. दूध हाताने कसे काढावे, स्वच्छ भांड्यात झाकून कसे ठेवावे, चार तासांच्या आत वाटी-चमच्याने कसे पाजावे, हे तिला प्रत्यक्ष करून दाखवावे लागेल.

चौथी, मर्यादा. सखीने औषध सुचवू नये. गाठ, ताप, वजन न वाढणारे बाळ अशा वेळी मातेला त्वरित रुग्णालयात पाठवावे. वैद्यकीय कारणाने जिला पाजता येत नाही, तिला दोष देऊ नये.

या कामासाठी नवी इमारत नको. पंचायतीने ग्राम आरोग्य व पोषण दिवशी सखींना बसावयास जागा द्यावी, त्यांच्या प्रवासाची व मानधनाची तरतूद करावी आणि खोल्यांच्या मालकांकडून नव्याने आलेल्या कुटुंबांची माहिती मिळवावी. परिचारिकेने महिन्यातून एकदा सखींच्या अडचणी ऐकाव्यात. शिक्षकांनी पालकसभेत पित्यांशी व आज्यांशी हा विषय काढावा. कारण डबा आणण्याचा निर्णय पुष्कळदा माता एकटी घेत नाही.

या पट्ट्यातील कारखान्यांत तयार होणारा प्रत्येक सुटा भाग तपासूनच पुढे पाठविला जातो. त्याच कामगाराच्या घरी जन्मलेल्या बाळाकडे सहा महिन्यांत कोणी फिरकलेच नाही, असे घडू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.