कॅम, कॉम्प्रेशन आणि किक मारणारी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘वाहन-दुरुस्ती’ एवढंच छापलंय. पंक्चर, प्लग, ऑइल हे तुमच्यातल्या पुष्कळजणी स्वतः करतात, म्हणून मी त्याच्या पुढचं बोलणार आहे. जुन्या बुलेटच्या इंजिनाची ताकद वाढवायची तर कॅम कोणता बसवायचा आणि कॉम्प्रेशन किती ठेवायचं? हा विषय मुद्दाम निवडला. ऑइल बदलताना बाईशी सगळे नीट बोलतात. इंजिन उघडलं की ‘ताई, तुम्हाला कळायचं नाही, दादांना पाठवा’ सुरू होतं. आणि हजारांचा खर्च नेमका तिथेच असतो.

आपल्या कार्यकर्त्यांकडे बुलेट येते ती बहुधा वडिलांची किंवा भावाची जुनी. मद्रासला १९५५ साली एनफिल्ड इंडियाचं काम सुरू झालं, आणि तीच बिडाच्या सिलिंडरची ३५० बुलेट पुढे दशकानुदशकं फारशी न बदलता निघत राहिली. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची चाल ९० मिलिमीटर, आकारमान ३४६ सीसी, ताकद १८ हॉर्सपॉवरच्या आसपास. येझदी, राजदूतवाल्या बायांनी आज नुसतं ऐकावं. त्यांची इंजिनं टू-स्ट्रोक, त्यांत कॅमच नसतो.

कॅम म्हणजे फिरत्या दांड्यावरचा अंड्याच्या आकाराचा उंचवटा. तो फिरतो, खालून दांडी ढकलतो आणि वरचा व्हॉल्व्ह उघडतो. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी. व्हॉल्व्ह किती उंच उचलायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे दोन्ही त्या अंड्याच्या आकारावर ठरतं. बुलेटमध्ये दोन कॅम वेगवेगळे असतात, उजव्या बाजूच्या झाकणाखाली, गिअरवर फिरणारे. झाकण काढलं की समोर दिसतात. गिअरवरच्या खुणा जुळवून बसवायचे असतात. म्हणून बुलेटचा कॅम बदलणं सोपं, आणि सोपं म्हणूनच तो नको तेव्हाही बदलला जातो.

‘रेसिंग कॅम’ म्हणतात तो व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत येणाऱ्या हवेला वेग असतो, व्हॉल्व्ह उशिरा मिटला तरी ती येतच राहते, त्यामुळे ताकद वाढते. पण हळू फिरताना पिस्टन वर यायला लागतो, व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो, आणि आत आलेलं मिश्रण आल्या वाटेने परत जातं. म्हणजे घाटात, चिखलात, मागे एक बाई आणि औषधांचं खोकं घेऊन तुम्ही दुसऱ्या गिअरवर चढताय, तिथेच गाडी मेल्यासारखी होते. जोर मिळतो तो पाच-सहा हजार फेऱ्यांच्या वर, आणि तिथे हे इंजिन नेऊच नये. ५५०० फेऱ्यांना या लांब चालीच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसोळा मीटर होतो. ७००० ला तो एकवीस होईल. कनेक्टिंग रॉडच्या तळाशी जुन्या बुलेटला बेअरिंग नसून साधा बुश असतो, आणि ऑइलचा पंपही जेमतेमच.

आता कॉम्प्रेशन. पिस्टन तळाशी असताना वर जेवढी जागा आणि माथ्याशी आल्यावर उरते तेवढी जागा, यांचं गुणोत्तर. जुन्या बुलेटचं ते साडेसहा ते सव्वासातच्या दरम्यान धरा. हिशेब घरी करता येतो. गुणोत्तर साडेसहा असेल तर माथ्याशी उरलेली जागा ३४६ भागिले साडेपाच, म्हणजे ६३ सीसी. आठ हवं असेल तर ३४६ भागिले ७, म्हणजे साधारण ४९. चौदा सीसी कमी करायचे. या सिलिंडरमध्ये एक मिलिमीटर उंची म्हणजे ३.८५ सीसी. तेव्हा हेड घासून काम करायचं तर साडेतीन मिलिमीटर घासावं लागेल, आणि तेवढं कोणी घासायला निघाला तर गाडी उचलून घरी आणा. त्यासाठी उंच डोक्याचा पिस्टन मिळतो.

मिळतं काय? पुस्तकी सूत्राने साडेसहावरून आठवर गेलात तर त्याच पेट्रोलातून सात टक्के जास्त काम निघतं. आठवरून साडेनऊवर गेलात तर पुढचे पाचच टक्के. फायदा आटत जातो आणि धोका वाढत जातो. दाब फार झाला की पेट्रोल ठिणगीच्या आधी-नंतर आपणहून भडकतं, डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज येतो, आणि तसंच चालवत राहिलं तर पिस्टनला भोक पडतं. २०२५ पर्यंत आपल्याकडच्या बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉलने हे भडकणं कमी होतं हे खरं, पण मिश्रण पातळ पडतं, जुने रबरी भाग फुगतात. तेव्हा कार्बोरेटरचा जेट थोडा मोठा लागतो आणि पाइप बदलावे लागतात. त्याच्या भरवशावर नऊ-दहाची स्वप्नं बघू नयेत.

कॅम आणि कॉम्प्रेशन सुटे सुटे निवडायचे नसतात. लांब कॅम आणि कमी कॉम्प्रेशन ही सगळ्यात वाईट जोडी, कारण उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हमुळे प्रत्यक्षातला दाब आणखी पडतो.

आमच्या भागातली एक कार्यकर्ती, तांड्यांवर जाते. वडिलांची बुलेट चढावर दम टाकायची. एका गॅरेजने रेसिंग कॅम, उंच पिस्टन, मोठा कार्बोरेटर अशी यादी दिली. आकडा तिच्या चार महिन्यांच्या मानधनाएवढा. तिला कोणी हेही विचारलं नव्हतं की गाडी चालवणार कोण, वजन किती, रस्ता कसला. ती यादी घेऊन माझ्याकडे आली. आम्ही आधी दाबमापक लावला. दाब कमी. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. ऑइलने दाब वाढला असता तर रिंगा झिजल्या म्हणायचं. वाढला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह गळत होते. झाकण उघडलं तर एका कॅमचा उंचवटा घासून सपाट झालेला. तिला मूळ मापाचा नवा कॅम, व्हॉल्व्ह घासून बसवणं आणि पॉइंटची गॅप, एवढंच लागलं. जुन्या गाडीच्या बाबतीत दहातल्या सात वेळा हेच निघतं, असा माझा अनुभव.

पिस्टनचं मात्र तिने स्वतः ठरवलं, आणि कारण किकचं होतं. ‘बायकांना बुलेट झेपत नाही’ म्हणतात ना, तो प्रश्न ताकदीचा नाही. डिकॉम्प्रेसरचा खटका दाबायचा, अँपिअरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक सावकाश खाली न्यायची, खटका सोडायचा, किक वर घेऊन मग पूर्ण मारायची. पंचेचाळीस किलोची बाई मारते. कॉम्प्रेशन नऊच्या पुढे नेलं की तीच किक उलटी येऊन घोटा मोडू शकते. रात्री अकरा वाजता, एकटीने, तांड्याबाहेर. ती सातवरच थांबली.

ज्यांना वेगच हवा असेल त्यांनी जरूर घ्यावा, माझा त्याला विरोध नाही. इंग्लंडमधली बिअट्रिस शिलिंग मँचेस्टरला इंजिनिअरिंग शिकली. १९३४ साली ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर स्वतः सुधारलेल्या ५०० सीसी नॉर्टनवरून ताशी शंभर मैलांच्या वर फेरी मारून तिने सुवर्णतारा मिळवला. पुढे १९४१ साली लढाऊ विमानांची मर्लिन इंजिनं नाक खाली केल्यावर गचके खायची, तेव्हा भोक असलेली छोटीशी चकती बसवून तिनेच ते आवरलं. वैमानिकांनी त्या चकतीला तिच्या आडनावावरून चावट नाव दिलं. असो. चकती बसली.

वेगासाठी उंच पिस्टन किंवा मोठा कॅम बसवलात तर झाकण लावण्याआधी मुलांची रंगीत माती चपटी करून पिस्टनवर ठेवा, हेड आवळा, इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा, उघडा आणि माती कापून जाडी बघा. आतल्या व्हॉल्व्हखाली दीड मिलिमीटर, एक्झॉस्टखाली दोन तरी हवी. नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटेल. ठिणगीचं टायमिंग पुन्हा लावायला सांगा. गुणोत्तर किती झालं ते बिलावर लिहून घ्या आणि जुने भाग पिशवीत मागून घ्या. सिलिंडरचा व्यासच वाढवायला निघालात तर सीसी बदलतो, मग गाडी नोंदणीच्या कागदाशी जुळत नाही. पोलीस आणि विमा दोघेही तेच धरतील.

काम झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलवर. शंभरनंतर इंजिन पूर्ण गार असताना हेडचे नट पुन्हा आवळायचे, आणि दोन्ही दांड्या बोटाने सहज फिरतात पण वर-खाली हलत नाहीत एवढा टॅपेट ठेवायचा.

उद्या सकाळी दहाला मागच्या पडवीत एक इंजिन खोलून ठेवलेलं असेल. हेडमधली जागा सिरिंजने ऑइल भरून मोजायची आहे. वही-पेन्सिल आणा आणि जुने कपडे घालून या.