उंबराचं फूल
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. पण उंबराला फुलं असतात, ती फळाच्या आत दडलेली! चिलटाएवढी एक माशी बारीक छिद्रातून आत शिरते, पराग पोचवते, तिथेच अंडी घालते. तिच्यावाचून झाडाला बी नाही, झाडावाचून तिचा वंश नाही. वर्षातून अनेकदा फळणारं हे झाड आपल्या सोयगावच्या उन्हाळ्यातही पाखरांना, वटवाघळांना खाऊ घालतं. ती बी दूरवर पेरतात.

पार्किंगसाठी फाटकाजवळचं उंबर तोडायचा विषय सभेपुढे आहे. मंडळी, एकटं झाड जाणार नाही, सगळा गोतावळा उठेल. गाड्या चार पावलं पलीकडे लावू या.