कूर्चा : रक्तावाचून जगणारे मऊ हाड



कानाचा वरचा भाग दुमडून सोडला तर तो लगेच पूर्ववत होतो. खालची पाळी मात्र लोंबतीच राहते. हा फरक कूर्चेचा होय. पाण्याने भरलेला घट्ट गर, त्यात तंतूंचे जाळे आणि इवल्या पोकळ्यांत बसलेल्या पेशी, अशी तिची घडण असते.

कूर्चेचे प्रकार तीन. कानातली लवचीक, मणक्यांमधल्या चकत्यांतली चिवट, तंतुमय, आणि श्वासनलिकेच्या कड्यांत व सांध्यांतील हाडांच्या टोकांवर असते ती काचेसारखी नितळ. गर्भाचा बहुतेक सांगाडा प्रथम हिचाच असतो. आतल्या पेशी दुणावून आणि बाहेरून थर चढून ती वाढते. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी तिची एक पट्टी उरते, तिच्यामुळे उंची वाढते. वयात आल्यावर ती पट्टी हाडात विरते आणि उंची थांबते.

नवल असे की कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातली कूर्चा सांध्यातल्या रसावर पोसते. पाऊल टेकले की ती दाबली जाते, उचलले की रस शोषून घेते. चालणे हेच तिचे जेवण!

तिच्याखालच्या हाडाला मात्र रक्त हवेच. चंद्रपूर-गडचिरोलीत हे मुद्दाम सांगावे लागते, कारण सिकलसेलचा आजार आपल्या भागात आहे. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक वाहिन्या तुंबवतात आणि खुब्यातला हाडाचा गोळा आतून मरू लागतो. वरची कूर्चा तेव्हा धडधाकट असते. पण भिंतच खचली तर गिलावा किती टिकणार?

म्हणून तेंदूच्या हंगामात एखादा विशीतला मुलगा जांघेत दुखते म्हणून लंगडू लागला, तर वात समजून नुसते तेल चोळत बसू नये. त्याचे रक्त तपासावे, खुबा डॉक्टरांना दाखवावा. सुरुवातीला क्ष-किरण चित्रात दोष दिसतोच असे नाही. एमआरआयमध्ये तो आधी कळतो. गोळा खचण्यापूर्वी कळले तर सांधा वाचण्याची आशा असते. नंतर पुष्कळदा कृत्रिम सांधाच बसवावा लागतो.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या माणसांची रक्ततपासणी योजलेली आहे. आपल्या घरातील मुलांची ती झाली आहे ना, एवढे आज घरी गेल्यावर विचारावे, ही आमची विनंती.