अरण्याचें दार कोणीं लावावें?

(नभोवाणीवरील भाषण)

घराला दार असतें, देवळाला दार असतें, शाळेलाही असतें. परंतु अरण्याला दार असतें काय? सामान्य समजूत अशी कीं, अरण्य मोकळें असतें. ज्याला वाटेल त्यानें यावें, सावलींत बसावें, पाण्यांत पाय सोडावे, पांखरांचे शब्द ऐकावे आणि दिवस मावळतांना घरीं परतावें. अरण्य सरकारी असेल तर ही समजूत अधिकच बळावते. कारण सरकारी तें सर्वांचें आणि सर्वांचें तें आपलेंही, असा तिच्यामागें हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा नाहीं. परंतु ऊन कडक पडलें, पाऊस लांबला, वारा सुटला आणि पायांखालचा पाचोळा कुरकुरूं लागला, म्हणजे सरकार या न दिसणाऱ्या दाराला कुलूप घालतें. मग प्रश्न उभा राहतो कीं, जें सर्वांचें आहे त्याचें दार लावण्याचा अधिकार कोणाला, किती दिवस, आणि कोणत्या कारणास्तव?

हा प्रश्न नुसत्या तर्काचा नाहीं. कॅनडाच्या पूर्व टोकास नोव्हा स्कोशिया नांवाचा प्रांत आहे. चोहोंकडून बहुतेक समुद्रानें वेढलेला, सुमारें दहा लाख वस्तीचा हा लहानसा मुलूख. त्याची तीन-चतुर्थांश भूमि अरण्यानें झांकलेली आहे. तेथील हिवाळा लांब आणि उन्हाळा तोकडा. म्हणून उन्हाळ्याचे ते चार दिवस लोक अरण्यांतच काढतात. कोणी तंबू ठोकतो, कोणी तळ्याकाठीं गळ टाकून बसतो, कोणी नुसताच पायवाटेनें भटकतो. अशा ऐन उन्हाळ्यांत, ५ ऑगस्ट २०२५ रोजीं, मुख्यमंत्री टिम ह्यूस्टन यांच्या सरकारनें जाहीर केलें कीं, १५ ऑक्टोबरपर्यंत, किंवा हवामान निवळेपर्यंत, कोणीं अरण्यांत पाऊल टाकूं नये. पायीं फिरणें बंद, गळ टाकणें बंद, अरण्यांत तंबू ठोकणें बंद, वाहनें नेणें बंद. समुद्रकिनारे आणि अधिकृत तळ तेवढे मोकळे ठेवले. खासगी अरण्याच्या मालकाला स्वतःच्या जमिनींत जातां येई. पण पाहुण्यांना तेथें फिरावयास नेतां येत नसे. मोडणाऱ्यास दंड पंचवीस हजार डॉलर, म्हणजे आपल्या चलनांत पंधरा लाख रुपयांहूनही अधिक!

इतकी कठोर आज्ञा कां निघाली, हें समजण्यासाठीं दोन वर्षें मागें जावें लागतें. इ. स. २०२३ च्या मे महिन्याच्या अखेरीस याच प्रांतांत दोन मोठे वणवे पेटले. राजधानी हॅलिफॅक्सच्या उपनगरांत, टॅन्टलनच्या परिसरांत, सुमारें दीडशें घरें जळालीं आणि सुमारें सोळा हजार माणसांना घरें सोडून पळावें लागलें. दक्षिणेकडील बॅरिंग्टन लेकच्या वणव्यानें तेवीस हजार हेक्टरांहून अधिक अरण्य खाल्लें. प्रांताच्या नोंदींत इतका मोठा वणवा पूर्वीं झालेला नव्हता. पोळलेल्या माणसाला ठिणगीचें भय अधिक वाटतें. सरकारच्या आज्ञेमागें हें भय होतें, आणि पुष्कळ नागरिकांच्या संमतीमागेंही तेंच होतें.

परंतु भय हें कारण होऊं शकत नाहीं. कारण शास्त्रांत शोधावें लागतें. कॅनडांत आगीच्या हवामानाचा एक निर्देशांक वापरतात. रोज दुपारीं उष्णमान, हवेंतील ओलावा, वाऱ्याचा वेग आणि मागील चोवीस तासांतील पाऊस, अशा चार गोष्टी मोजतात. आणि त्यांवरून अरण्यभूमीचे तीन थर किती वाळले आहेत, हें गणितानें काढतात. सर्वांत वर गवत, पाइनच्या सुया आणि सुटा पाचोळा. हा थर एखाद्या दिवसांत वाळतो आणि एका सरीनें भिजतो. त्याखालीं अर्धवट कुजलेला, सैल थर. त्याला वाळण्यास सुमारें पंधरवडा लागतो. त्याहून खालीं दाट, दडपलेला थर. तो वाळावयास पन्नासएक दिवस लागतात, परंतु एकदां वाळला कीं भिजावयासही तसाच चिवट. चुलींतील गोवरी वरून विझलेली दिसते, पण राख बाजूस सारली कीं आंत लालबुंद निखारा असतो, हें गृहिणींना सांगावयास नको. तळचा थर वाळलेल्या अरण्याची स्थिति नेमकी अशीच असते. वरून पाऊस पडून गेला, वाट ओली दिसली, तरी आंत गेलेली आग मुळांमुळांतून आठवडेच्या आठवडे धुमसत राहते.

ही गोष्ट ध्यानीं घेतली म्हणजे दोन गैरसमज दूर होतात. एक सर येऊन गेल्यावरही बंदी कां उठत नाहीं, याचें उत्तर मिळतें. आणि काडी ओढणाऱ्यालाच आग लागते, हा समजही टिकत नाहीं. तापलेल्या गाडीच्या नळीखालीं वाळलें गवत आलें, किंवा एखादें यंत्र दगडावर घासून ठिणगी उडाली, तरी पुरे. कॅनडाचा सबंध देश घेतला तर निम्मे वणवे विजेनें लागतात, आणि जळालेल्या क्षेत्राचा मोठा वांटाही विजेचाच असतो. परंतु नोव्हा स्कोशियांत बहुतेक वणव्यांच्या मुळाशीं माणूस असतो. वीज बंद ठेवतां येत नाहीं. माणसाला मात्र चार दिवस घरीं राहा, असें सांगतां येतें.

सरकारपक्षाचा दुसरा मुद्दा याहूनही वजनदार होता. आग विझविणारे हात मोजके असतात. चार ठिकाणीं पेटलें तर चार ठिकाणीं जातां येईल. पांचवी आग कोणीं विझवावी? आणि धुरांत वाट चुकलेल्या भटक्याला शोधावयास जे दल जाईल, तें त्या वेळीं एखाद्या गांवाच्या वेशीवर हवें असेल.

आतां दुसरी बाजू. कॅनडांतील नागरी स्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्या संस्थांनीं या आज्ञेला उघड विरोध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, नुसतें चालण्यानें अरण्य पेटत नाहीं. पेटतें तें विस्तवानें, विडीनें आणि यंत्रानें. मग विस्तवावर बंदी घाला, यंत्रांवर घाला. चालणाऱ्याला कां अडवतां? सबंध प्रांत एकाच दोरीनें कां बांधतां? शिवाय उद्योगधंद्यांना परवाना घेऊन अरण्यांत काम करतां येतें. म्हणजे पैसा मिळविणाऱ्याला दार किलकिलें, आणि मोकळी हवा घेणाऱ्याला बंद, हा न्याय कोणता? एका नागरिकानें तर अधिकाऱ्यांसमक्ष अरण्यांत पाऊल टाकून दंड ओढवून घेतला. कर वगैरे धरून तो अठ्ठावीस हजार डॉलरांवर गेला. मग त्यानें या आज्ञेला न्यायालयांत आव्हान दिलें.

या विरोधकांना स्वार्थी म्हणून हिणविणें सोपें आहे. पण तें न्याय्य नाहीं. संकटकाळीं घातलेलीं बंधनें संकट ओसरल्यावरही रेंगाळतात, हा अनुभव जगाला नवा नाहीं. आणि शहरांतल्या लहानशा खोलींत राहणाऱ्या मनुष्याला अरण्य ही चैन नसून मनाचें औषध असतें.

पुढें काय झालें? आज्ञा निघाल्यावर आठ दिवसांनीं, १३ ऑगस्ट रोजीं, प्रांताच्या पश्चिम भागांत अ‍ॅनापोलिस जिल्ह्यांत लॉंग लेकचा वणवा पेटला. आठ हजार हेक्टरांहून अधिक अरण्य आणि सुमारें वीस घरें त्यानें घेतलीं. एका पक्षानें म्हटलें, पाहा, बंदी किती आवश्यक होती! दुसऱ्यानें म्हटलें, पाहा, बंदी असूनही वणवा लागलाच! खरें पाहतां या एका वणव्यानें कोणताच पक्ष सिद्ध होत नाहीं. न लागलेल्या आगींची नोंद कोठेंच होत नसते; म्हणून बंदीचें यश डोळ्यांना कधींच दिसत नाहीं, आणि तिचा जाच मात्र प्रत्येकाला जाणवतो. यासाठींच बंदी घालणाऱ्यावर एक विशेष जबाबदारी येते. यश दाखवितां येत नसेल, तर निदान कारण, सीमा आणि मुदत या तीन गोष्टी लोकांपुढें उघड्या ठेवल्या पाहिजेत. नोव्हा स्कोशियांतही पाऊस झाल्यावर ऑगस्टअखेरपासून कांहीं जिल्हे आधीं, कांहीं मागाहून, अशी टप्प्याटप्प्यानें बंदी उठविण्यांत आली. जिल्हावार विचार शेवटीं शक्य होतो, तर तो आरंभींच कां करूं नये, हा विरोधकांचा प्रश्न मात्र त्यामुळें अधिकच रास्त ठरतो.

मुदत कशी पाळावी, याचें एक उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. इ. स. २०२१ च्या उन्हाळ्यांत कॅलिफोर्नियांत वणव्यांनीं कहर केला. एकट्या डिक्सी नांवाच्या वणव्यानें नऊ लाख एकरांहून अधिक प्रदेश जाळला. तेव्हां वनखात्यानें ३१ ऑगस्टच्या रात्रीं तेथील बहुतेक सर्व राष्ट्रीय अरण्यें, सुमारें दोन कोटि एकर, लोकांना बंद केलीं. मुदत १७ सप्टेंबरची होती. परिस्थिति सुधारतांच १५ तारखेच्या रात्रीं, म्हणजे दोन दिवस आधींच, बहुतेक अरण्यें उघडलीं. दक्षिणेकडील चार अरण्यांत धोका शिल्लक होता, तेवढींच २२ पर्यंत बंद राहिलीं. सरकारनें शब्दाच्या दोन दिवस आधीं कुलूप काढलें, म्हणजे पुढच्या वेळीं लोक त्या कुलपावर विश्वास ठेवतात.

सीमा कशी आंखावी, हें फ्रान्सच्या दक्षिणेकडे पाहावें. मार्सेयच्या आसपासच्या डोंगरांत १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत रोज आदल्या सायंकाळीं एक नकाशा प्रसिद्ध होतो. प्रत्येक डोंगराला धोक्याप्रमाणें रंग दिलेला असतो; तांबडा असेल तेथें उद्यां जावयाचें नाहीं. आज एक डोंगर बंद, तर शेजारचा उघडा. बंदी रोज नव्यानें तपासली जाते. म्हणून ती हुकूम न वाटतां पंचांगासारखी वाटते. अमावास्येला चंद्र दिसला नाहीं म्हणून कोणी पंचांगकर्त्यावर रागावत नाहीं.

आणि कारण? तें तर आपल्याच देशांत, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, दारुण रीतीनें प्रत्ययास आलें. ११ मार्च २०१८ रोजीं तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यांत, कुरंगणीच्या डोंगरांत, शहरांतून पदभ्रमणास गेलेल्या मंडळींना वणव्यानें गांठलें. उतारावर वाळलेलें गवत माणसाच्या पायांपेक्षां वेगानें पेटत येतें. तेवीस जीव गेले. त्यांत तरुण स्त्रीपुरुषच अधिक होते. त्यानंतर त्या राज्यांत वणव्याच्या दिवसांत डोंगरवाटा बंद ठेवूं लागले. अरण्याचें दार अरण्यासाठींच लावतात असें नाहीं, आंत जाणाऱ्यासाठींही लावतात, हें त्या दुःखद प्रसंगानें शिकविलें.

महाराष्ट्रांतही फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ वणव्याचा मानतात. वनरक्षक त्यापूर्वींच जाळरेषा काढून ठेवतात. राखीव वनांत विस्तव पेटविणें हा १९२७ च्या वन अधिनियमान्वयें गुन्हाच आहे. परंतु आपल्याकडे या प्रश्नाला एक तिसरी बाजू आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे मार्च-एप्रिलांत पहाटे मोहाचीं फुलें गळतात. मागाहून तेंदूची पानें खुडावयाचीं असतात. वर्षाच्या चरितार्थाचा मोठा भाग याच दिवसांत, याच वाळलेल्या अरण्यांत गोळा होतो. आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानें तो त्या लोकांचा हक्क मानला आहे. फुलें दिसावीं म्हणून कोणी झाडाखालचा पाचोळा जाळतो आणि त्यांतून वणवा पसरतो, हेंही खरें आहे. अशा माणसाला सहलीच्या प्रवाशाप्रमाणें दाराबाहेर उभें करतां येईल काय? प्रवाशाचा एक रविवार जातो. त्याची चूल जाते. येथें दार लावण्याऐवजीं पाचोळा झाडून फुलें वेंचण्याची, झाडाखालीं जाळें बांधण्याची सोय करून देणें, आणि त्यालाच अरण्याचा राखणदार करणें, हाच मार्ग शहाणपणाचा. धूर प्रथम दिसतो तो त्याला, कचेरींतल्या अधिकाऱ्याला नव्हे.

तेव्हां, श्रोतेहो, आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर असें देतां येईल. अरण्याचें दार सरकारनें लावावें. कारण तिन्ही थरांचें मोजमाप त्याच्याजवळ आहे आणि आग विझविण्याचा भारही त्याच्यावरच आहे. परंतु तें मोजमाप त्यानें लोकांपुढें मांडावें. जेथें धोका आहे तेथेंच कुलूप घालावें. तें केव्हां निघेल हें आधीं सांगावें, आणि शक्य तर त्यापूर्वींच काढावें. व ज्यांचें पोट अरण्यावर आहे त्यांना सहलीच्या मापानें मोजूं नये. एवढें सरकारनें केलें, तर नागरिकानेंही आपल्या वांट्याचें करावयास हवें. येत्या उन्हाळ्यांत सुटीचा बेत आंखतांना त्या डोंगराची वाट मोकळी आहे कीं नाहीं, याची वनविभागाकडे चौकशी करावी; बंद असेल तर मुलांना तिचें कारण समजावून सांगावें आणि दुसरा बेत करावा. कारण समजलेलें मूल चोरवाटेनें आंत शिरत नाहीं.