थाळीतले गणित



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे गणित शिकलो. नुसते उत्तर लिहिले, तर ते निम्मे गुण कापीत आणि म्हणत, "उत्तर बरोबर आहे रे, पण रीत कुठे आहे?" आज मधुमेह आणि आहार या विषयावर बोलताना माझीच एक चुकलेली रीत आपल्यापुढे मांडायची आहे.

१९८९ सालची गोष्ट. मी नुकताच इंदुरात दवाखाना थाटला होता. गुरुजी मधुमेहासाठी माझ्याकडे येत. मी सांगितले, "साखर बंद करा." त्या दिवसापासून त्यांचा चहा बिनसाखरेचा झाला. सकाळच्या पोह्यांबरोबरची जिलबी गेली. पोहे मात्र राहिले. रक्तातील साखर काही उतरेना. एकदा त्यांनी विचारले, "गोडाला मी हात लावत नाही, मग हा आकडा चढतो कसा?" मी हसत म्हणालो, "गुरुजी, कुठेतरी चोरून खात असाल." ते काहीच बोलले नाहीत. एका गुणाचीही लबाडी ज्यांनी कधी खपवून घेतली नाही, त्यांच्यावर मी लबाडीचा आरोप केला होता.

पुढे पायाची जखम चिघळली आणि अंगठा कापावा लागला. त्या वेळी घरी गेलो असता त्यांची थाळी मी प्रथमच पाहिली. चार फुलके, दोन वाट्या भात, बटाट्याची भाजी, पातळ वरण. एकादशी-चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी. 'उपवास' हा शब्द ऐकून मी आजवर निश्चिंत राहिलो होतो.

पिष्टमय पदार्थ म्हणजे ग्लुकोजच्या कणांची साखळी. ती तोंडातील लाळेपासूनच तुटू लागते आणि आतड्यातून ग्लुकोज होऊनच रक्तात उतरते. जिभेला जे गोड लागत नाही, तेही रक्ताला गोडच असते. लहान फुलक्यात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदके असतात, वाटीभर भातात ३० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्या एका जेवणात १२० ग्रॅमची भर पडली, बटाटा वेगळाच. दिवसभरात १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके, ही अल्पकर्बोदकी आहाराची सर्वसाधारण मर्यादा मानतात. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे.

हा विचार नवा नाही. चरकसंहितेत प्रमेहाच्या रोग्यासाठी जवाला प्राधान्य आहे. जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी वैद्याने १७९७ साली मांसप्रधान आहाराच्या उपचाराचे वर्णन प्रसिद्ध केले. १९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला, आणि आहाराचे हे शास्त्र काहीसे मागे पडले. २०१९ साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या तज्ज्ञ-अहवालाने मान्य केले, की रक्तातील साखर सुधारण्यासाठी एकूण कर्बोदके कमी करण्याला सर्वाधिक पुरावा आहे. मात्र २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ चाचण्यांचा जो आढावा आला, त्यात सहा महिन्यांपर्यंत दिसलेला लाभ वर्षअखेरीस बराच ओसरलेला आढळला. जो आहार जन्मभर निभत नाही, त्याचा उपयोगही जन्मभर टिकत नाही.

म्हणून आपली थाळी मोडू नका, तिच्यातील प्रमाण बदला. मेथी, दुधी, दोडका, भेंडी यांनी निम्मी थाळी भरू द्या. उसळ, दही, पनीर, अंडी वा मासळी यांना मान द्या. फुलका एक-दोन, भात घ्यायचा तर फुलका कमी करून. ज्वारीची भाकरीही हिशेबात धरावी लागते. ती भाकरी आहे म्हणून माफ होत नाही.

एक इशारा मात्र कळकळीने देतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता पोळी-भात एकदम तोडू नका. साखर धोकादायकरीत्या खाली जाऊन शुद्ध हरपू शकते. काही नव्या गोळ्यांबरोबर असा आहार घेतल्यास रक्तातील आम्लता वाढण्याचा धोका असतो. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी तर स्वतःच्या मनाने काहीच करू नये. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन हाच प्राण आहे. कोणताही आहार त्याची जागा घेत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. या सभागृहातही त्यांतले अनेक असतील. त्यांनी जेवणापूर्वी आणि जेवणानंतर दोन तासांनी रक्त तपासावे, समोर काय खाल्ले ते लिहावे. चार आठवड्यांत त्या वहीतून आपली रीत आपल्यालाच सापडेल. आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की आकडा चढला तर रुग्णावर संशय घेण्याआधी त्याची थाळी विचारा.

अंगठा गेल्यानंतर मी गुरुजींची क्षमा मागितली. ते म्हणाले, "चूक कुठे झाली ते सापडले ना? मग पुढची गणिते नीट सोडव." तीच आज्ञा मानून आज इथे उभा राहिलो.