सरल्या सालचे माझे सिनेमे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. शिक्षण सातवीपर्यंत. त्यानंतर जे काही लिहिले ते वाणसामानाच्या यादीपुरते. तेव्हा बोलण्यात चुकले-माकले तर पदरात घ्यावे. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही सिनेमावेड्या, सिनेमावरच बोला." आधी मला संकोच वाटला. वर्धापनदिनाला आरोग्य, बचत, मुलांचे संगोपन असले विषय शोभतात. सिनेमा म्हणजे रिकामपणचा उद्योग! पण गेल्या सालात एका सिनेमाने मला अशी काही चपराक दिली, की ती गोष्ट तुम्हांला सांगितल्यावाचून राहवेना.

माझी एक सवय आहे. किराणा हिशेबाच्या वहीच्या मागल्या पानापासून, उलट्या बाजूने, मी पाहिलेल्या सिनेमांची नोंद ठेवते. तारीख, नाव, बरोबर कोण होते, आणि कसा वाटला त्याची एक ओळ. २०२५ सालच्या पानावर नऊ नावे आहेत. चार पुण्याला जाऊन पाहिलेली, पाच घरीच, टीव्हीवर नाहीतर मुलीच्या मोबाइलवर. नऊच्या नऊ सांगत बसले तर तिळगूळ वाटायचे राहील. म्हणून निवडक सांगते.

पण त्याआधी थोडे मागचे. आपल्या भोरला सिनेमा काही परका नाही. आपल्या राजवाड्यात आणि नीरेच्या घाटावर किती चित्रीकरणे झाली! गंमत अशी, की सिनेमा तयार व्हायला आपल्या अंगणात येतो आणि आपण तो पाहायला पुण्याला जातो. दादा कोंडके यांचे घराणे मूळचे आपल्या इंगवलीचे, हे तर इथे लहान पोरालाही ठाऊक आहे. त्यांचे पुतणे विजय कोंडके यांनी १९९१ साली 'माहेरची साडी' काढला. अलका कुबल त्यात सून झाल्या होत्या. तो मी पुण्याला मावशीकडे गेले असताना पाहिला. तेव्हा मी अकरा वर्षांची. थिएटरात सगळीकडे हुंदके. मावशीच्या सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. सुनेचा छळ पाहून त्यांनी पदर ओला केला. "काय मेली कसाई सासू!" म्हणून तीनदा बोटे मोडली. खेळ सुटला, आम्ही घरी आलो, आणि उंबऱ्यातूनच त्यांनी मावशीला हाक मारली, "अजून भाकऱ्या झाल्या नाहीत? दिवसभर काय करत होतीस?"

मावशीला त्यांनी सिनेमाला आणलेच नव्हते. ती घरी राबत होती.

हे मी तेव्हा हसून सोडून दिले. चौतीस वर्षांनी ते माझ्याच अंगावर आले, ते पुढे सांगते.

आता सरले साल. फेब्रुवारीत 'छावा' लागला. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून लक्ष्मण उतेकर यांनी तो काढला. विकी कौशल संभाजीराजे झाले, रश्मिका मंदाना येसूबाई आणि अक्षय खन्ना औरंगजेब. आपल्या आळीतून आम्ही अकराजणी गेलो. २०२३ पासून बायकांना एस.टी.चे तिकीट अर्धे झाल्यापासून निदान प्रवासाला तरी घरात नाही म्हणता येत नाही! त्या मोठ्या थिएटरातला सरकता जिना पाहून आमच्यातल्या दोघी देवाचे नाव घेऊन उभ्याच राहिल्या, शेवटी साध्या जिन्याने चार मजले चढल्या. आम्ही हसलो खरे. पण तोरणा चढलेले त्यांचे पाय, त्यांना दमही लागला नाही.

सिनेमात लढाया पुष्कळ, आवाजही पुष्कळ. शेवटचा भाग तर मी डोळे मिटूनच ऐकला. पण मला त्यातले कोण आठवते सांगू? धाराऊ. नीलकांती पाटेकर यांनी ती उभी केली आहे. संभाजीराजांचा जन्म १६५७ चा, पुरंदरावरचा. सईबाईंना दूध पुरेना, तेव्हा आपल्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी बाळाला अंगावर पाजले. पुढे दोनच वर्षांनी सईबाई राजगडावर वारल्या. त्यांची समाधी तिथेच आहे. म्हणजे आई गेली ती वेल्ह्याच्या गडावर आणि दूध मिळाले ते भोरच्या बाईचे. (२०२५ साली वेल्हे तालुक्याचे नाव राजगड तालुका झाले. माझे माहेर तिकडचे, पण तोंडात अजून वेल्हेच येते.) परत येताना रात्री गाडी कापूरहोळला थांबली, तेव्हा कोणी काही बोलले नाही, पण खिडकीशी बसलेल्या दोघीतिघींनी हात जोडले ते मी पाहिले. इतिहासात तलवारीची नावे राहतात. दूध पाजणारीचे नाव राहिले हे आपल्या मुलखाचे भाग्य.

आता ज्या सिनेमासाठी मी उभी आहे तो. नाव 'स्थळ'. मार्चमध्ये लागला. जयंत सोमलकर यांचा. परदेशात टोरांटोच्या महोत्सवात त्याला २०२३ साली बक्षीस मिळाले होते, पण आपल्याकडे यायला दीड वर्ष लागले. नटनट्या कोणी नावाजलेल्या नाहीत. चंद्रपूरकडची तिथलीच माणसे. मुलगी पुण्यात शिकते, तिने मला नेले. थिएटरात आम्ही धरून चौदा माणसे.

गोष्ट एवढीशी. सविता नावाची कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. तिला शिकायचे आहे, सरकारी परीक्षा द्यायची आहे. पण घरी स्थळे येतात. दर खेपेला तोच पाट, तेच पोहे, तेच प्रश्न: नाव काय, शिक्षण किती, उंची किती. रंग सावळा म्हणून दर खेपेला नकार. सुरुवातीला तिला एक स्वप्न पडते. त्यात बायका बसल्या आहेत, नवरा मुलगा खाली मान घालून पुढे बसला आहे आणि बायका त्याला प्रश्न विचारताहेत. लोक हसले. मीही हसले.

मग खरी पाहुणेमंडळी आली आणि माझे हसू थांबले. कारण त्या सिनेमात मी होते. सविताच्या जागी नव्हे. माझेही पाहणे झाले होते, पण मला माझे पाहणे आठवले नाही. मला आठवला त्याच जानेवारीतला रविवार.

त्या रविवारी मी, जाऊबाई आणि भावजी पुतण्यासाठी एका गावी मुलगी पाहायला गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. पोह्यांचे ताट धरताना तिचे हात थरथरत होते. जाऊबाईंनी नाव विचारले. आणि मी, माझ्या तोंडाने, म्हणाले, "उंची किती गं? जरा चालून दाखव बाळ." ती उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. तिची आई स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होती. येताना जीपमध्ये आम्ही बोललो, मुलगी गुणी आहे, पण सावळी आहे. आणि निरोप पाठवला की पत्रिका जुळत नाही.

मैत्रिणींनो, पत्रिका आम्ही उघडलीच नव्हती.

सिनेमा संपला तेव्हा मुलीने विचारले, "आई, रडली नाहीस? तू तर जाहिरातीलाही रडतेस." मला रडू आलेच नाही. मावशीच्या सासूबाई डोळ्यांपुढे आल्या. पदर भिजवणे सोपे असते. आपण कोणाच्या जागी बसलो आहोत ते पाहणे अवघड. वहीत त्या दिवशी मी ओळ लिहिली नाही. जागा कोरीच आहे.

घरी येऊन जाऊबाईंना सांगितले. त्या रागावल्या. "सिनेमे पाहून डोके फिरले तुझे. जगरहाटी आहे ती. आपल्याला नाही का पाहिले?" त्यांचेही खरेच होते. आम्हांलाही पाहिले होते. पण सुईचे टोक आपल्याला बोचले म्हणून ते दुसरीला बोचवायचे, हा कुठला न्याय?

मे महिन्यात दुसरे स्थळ पाहायला गेलो. मी मनाशी ठरवले होते की काही विचारायचे नाही. जाऊबाईंनी उंची विचारलीच. मी त्यांना थांबवू शकले नाही. मग मी एवढेच म्हणाले, "तुला काही विचारायचं असेल तर विचार गं." क्षणभर सगळे गप्प. मुलीने वर पाहिले आणि पुतण्याला विचारले, "माझ्या नर्सिंगचं एक वर्ष राहिलंय. ते पुरं करता येईल का?" तो बिचारा गोंधळला, पण हो म्हणाला. डिसेंबरात लग्न झाले. सूनबाई सध्या वसतिगृहात आहे, परीक्षा झाली की येईल. जाऊबाई आता शेजारणींना अभिमानाने सांगतात.

पण पहिल्या मुलीला पाठवलेला तो खोटा निरोप अजून तसाच आहे. तिच्या आईला भेटून खरे सांगावे असे दहादा वाटले. पाय उचलत नाही. सांगितले तर जखम पुन्हा उघडेल की बरी होईल, हे मला कळत नाही. तुमच्यात वडीलधाऱ्या आहेत, त्यांनी मला सल्ला द्यावा.

एवढे बोलून मन हलके झाले. आता बाकीचे भराभर सांगते.

महाराष्ट्रदिनी, १ मे रोजी, 'आता थांबायचं नाय!' लागला. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणीचे कामगार पोटापाण्याची कामे करून दहावीला बसतात, त्याची ही खऱ्या घटनेवरची गोष्ट. शिवराज वायचळ यांचे दिग्दर्शन. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव आहेत. पोट धरून हसायला होते आणि हसता हसता डोळे भरतात. मला हायस्कूल लांब पडत होते म्हणून सातवीनंतर दप्तर खुंटीला लागले. त्या सिनेमातल्या बाया पाढे पाठ करताना पाहिल्या आणि मी शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेतून काढला. सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेला बसता येते, हे आपल्यातल्या शिक्षिकाबाईंनी सांगितले आहे. अर्ज अजून भरलेला नाही. गणिताची भीती आहे. पण आज हे सगळ्यांपुढे बोलले, म्हणजे आता मागे फिरायची सोय राहिली नाही.

सप्टेंबरात 'दशावतार' आला, सुबोध खानोलकर यांचा. दिलीप प्रभावळकर यांनी ८१ व्या वर्षी त्यात जी मेहनत केली ती पाहून आपण गुडघेदुखीची तक्रार करायला लाजावे. दृष्टी जात चाललेला दशावतारातला म्हातारा कलावंत आणि खाणीच्या पायी धोक्यात आलेले कोकणातले रान, अशी गोष्ट. भाटघर, पानशेत यांच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्या घरच्या बायकांना ती वेगळी समजावून सांगायला नको.

याच सालात जुनी माणसेही गेली. एप्रिलात मनोजकुमार, ऑक्टोबरात आपल्या 'पिंजरा'तल्या संध्याबाई, नोव्हेंबरात धर्मेंद्र. 'शोले'ला १५ ऑगस्टला पन्नास वर्षे पुरी झाली आणि तीनच महिन्यांनी वीरू गेला. 'पिंजरा'ची गाणी गुणगुणत आईने मला जोजवले होते. संध्याबाई गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी आईला फोन केला. तिने ती गाणी पुन्हा म्हटली, निम्मे शब्द विसरली, आणि आम्ही दोघी हसलो.

एक तक्रारही करते. चांगला मराठी सिनेमा आठवडाभर टिकत नाही. टिकला तरी खेळ दुपारच्या भलत्या वेळी, नाहीतर इतक्या रात्री की परतीची एस.टी. मिळत नाही. तिकीट, गाडीभाडे, चहा धरून माणशी चारशे रुपये होतात. घरखर्चातून ते काढणे सोपे नाही. म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते.

पहिली, दर तीन महिन्यांनी मंडळातर्फे एक सिनेमा पाहावा. भिशीतून महिना शंभर रुपये बाजूला काढावेत. ज्यांना पुण्याला येणे जमत नाही त्यांच्यासाठी मंडळाच्या खोलीत पडदा लावावा. आणि जाताना सुनांना बरोबर न्यावे; त्यांना भाकऱ्या थापायला घरी ठेवून आपण सुनांच्या दुःखावर रडायला जाऊ नये.

दुसरी, आपल्यापैकी जी कोणी मुलगी पाहायला जाईल तिने उंची आणि रंग विचारू नये, चालून दाखवायला सांगू नये, आणि नकार द्यायचा तर खरा द्यावा. ठराव करा असे मी म्हणत नाही. ठराव वहीत राहतात. प्रत्येकीने मनाशी धरावे.

माझ्या वहीत 'स्थळ'च्या पुढची जागा कोरी आहे असे मी म्हणाले. तिथे काय लिहायचे ते माझ्या पुढच्या वागण्यावर आहे. 

जय हिंद, जय महाराष्ट्र!